वजनाचे इंजेक्शन आणि विमा अर्जातला न विचारलेला प्रश्न

वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन ही आता मुंबई-पुण्याच्या सधन वस्त्यांपुरती गोष्ट राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने भारतात आले, तेव्हा त्यांचा महिन्याचा खर्च दहा हजार रुपयांच्या बराच वर जात होता. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना हे औषध बनवून विकण्याची वाट मोकळी झाली. किंमत उतरली की औषध जिल्ह्याच्या गावी पोहोचते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांना आणि वजनाने त्रासलेल्यांना या इंजेक्शनांची नावे आता नवी नाहीत.

याच जिल्ह्यांतील एक पिढी अभियांत्रिकी शिकून पुण्याला आणि तिथून अमेरिका, जर्मनी, आखाती देशांत गेली. त्यांचे आई-वडील आता साठी-पासष्टीत आहेत. नातवंड होणार म्हणून ते चार-सहा महिन्यांसाठी मुलाकडे किंवा लेकीकडे जातात. कोणी उमराहला जाते, तर कोणी सेवानिवृत्तीच्या पैशातून युरोपची सहल करते. शुगर, बीपी आणि वजन या तिन्ही तक्रारी ज्या वयात एकत्र येतात, त्याच वयात आपल्याकडचा माणूस आयुष्यातला पहिला मोठा परदेशप्रवास करतो. प्रवासविमा आणि वजनाचे औषध यांची गाठ पडते ती इथे, आणि नेमक्या याच ठिकाणी आपली विमाविक्रीची पद्धत फार ढिसाळ आहे, असे माझे मत आहे.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. आपण हे औषध घेतो ही माहिती प्रवाशाने विमा कंपनीला दिली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ती माहिती नेमका आणि समजेल असा प्रश्न विचारून मिळवणे हे कंपनीचे काम आहे. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर दिले नाही म्हणून पुढे दावा फेटाळण्याची मुभा कंपनीला असू नये. त्याचबरोबर, औषध घेणे हाच जणू एक आजार आहे अशा नजरेने या प्रवाशांकडे पाहणे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

प्रथम औषधाची बाजू पाहू, कारण कंपन्यांची काळजी अगदीच निराधार नाही. जेवल्यानंतर आपल्या आतड्यांतून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल ही औषधे करतात (टिर्झेपाटाइड दोन संप्रेरकांची करते). त्यामुळे भूक मंदावते, पोट उशिरा रिकामे होते आणि थोडक्या जेवणाने समाधान होते. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, आणि ते विशेषतः औषध सुरू करताना व मात्रा वाढवताना जाणवतात. उलट्या-जुलाबाने शरीरातील पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. वेगाने वजन उतरले की तसेही खडे होतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते आणि तेव्हा रुग्णालयात दाखल होण्यावाचून गत्यंतर नसते. यांतील कोणतीही गोष्ट घरी असताना घडली तर निस्तरता येते. अमेरिकेत पित्ताशयाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तर तिथल्या बिलाने एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक संपू शकते, आणि प्रवासविमा घेतला जातो तो याच भीतीने.

म्हणजे जोखीम आहे. मात्र ती सर्वांची सारखी नाही. वेगोवीची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने, काही महिन्यांत, २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. मौंजारोही २.५ मिलिग्रॅमपासून असेच चढत जाते. ज्याने विमानात बसण्याच्या पंधरा दिवस आधी पहिले इंजेक्शन घेतले आहे, किंवा ज्याची मात्रा ऐन प्रवासात वाढणार आहे, त्याची जोखीम खरोखर वेगळी आहे. जो वर्षभर एकाच मात्रेवर आहे, ज्याला कसलाही त्रास नाही आणि ज्याची साखर व रक्तदाब आटोक्यात आले आहेत, त्याची जोखीम वेगळी आहे. विमाशास्त्राचा सगळा डोलारा अशा फरकांवर उभा असतो. असे असताना या दोघांना एकाच रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायला लावणे, किंवा त्यांना काहीच न विचारणे, हा कंपन्यांनी स्वतःच्याच शास्त्राशी केलेला आळस आहे.

औषध जोखीम कमी करते ही दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत, आधीच हृदयविकार व वाढलेले वजन असलेल्या परंतु मधुमेह नसलेल्या सतरा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला होता. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. प्रवासविम्याच्या कंपनीला फार महागात पडणारी एक घटना म्हणजे परदेशी भूमीवर येणारा हृदयविकाराचा झटका. अशा वेळी तीच जोखीम उतरवणारे औषध घेणाऱ्याला अडचणीत आणणे आणि तितक्याच वजनाच्या, पण कधीही डॉक्टरकडे न गेलेल्या माणसाला विनासायास पॉलिसी देणे, याला काय म्हणावे? ज्याने उपचार घेतले त्याची कागदोपत्री नोंद झाली आणि ज्याने टाळले तो ‘निरोगी’ ठरला. हैदराबादमार्गे शिकागोला जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी कोणाचा विमा उतरवणे कंपनीच्या फायद्याचे आहे, याचे उत्तर सध्याच्या अर्जावरून कळू शकत नाही.

आता हा अर्ज भरला कसा जातो ते पाहू. मराठवाड्यातील बहुसंख्य प्रवासी पॉलिसीचा मजकूर वाचून विमा घेत नाहीत. तिकीट काढून देणारा ट्रॅव्हल एजंट, सहलीची कंपनी किंवा परदेशात बसलेला मुलगा त्यांच्या वतीने ऑनलाइन अर्ज भरतो. ‘मी उत्तम प्रकृतीचा आहे आणि उपचारांसाठी प्रवास करत नाही’ अशा आशयाच्या ओळीसमोर खूण करायची असते. ‘तुम्हाला आधीपासून कोणता आजार आहे काय’ या प्रश्नावर एजंट विचारतो, ‘काका, शुगर-बीपी आहे का?’ काका म्हणतात, ‘आहे, पण कंट्रोलमध्ये आहे.’ मग एजंट ‘नाही’वर खूण करतो, कारण ‘होय’ म्हटले की पुढची पाने उघडतात, प्रीमियम वाढतो किंवा वैद्यकीय तपासणी मागितली जाते. शेवटी काकांच्या मोबाइलवर ओटीपी येतो, ते तो सांगतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती घोषणा काकांची होते. युरोपला जाणाऱ्यांची आणखी एक गैरसमजूत होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण दाखवावे लागते. व्हिसा मिळाला म्हणजे आपला विमा सरकारमान्य आणि बिनचूक आहे असे लोक धरून चालतात. दूतावास रक्कम, मुदत आणि संरक्षणाचे क्षेत्र पाहतो. तुमच्या अर्जातील उत्तरे खरी आहेत की नाहीत हे तपासणे त्याचे काम नसते.

वजनाच्या औषधाच्या बाबतीत हा घोळ अधिकच वाढतो. मधुमेही माणसाला आपण आजारी आहोत हे ठाऊक असते, त्यामुळे तो किमान ‘शुगर’ तरी सांगतो. केवळ वजनासाठी इंजेक्शन घेणाऱ्या चाळीस वर्षांच्या बाईंना ‘काही आजार आहे का’ असे विचारले, तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. लठ्ठपणा हा आजार आहे की नाही यावर तज्ज्ञांचेच एकमत व्हायला वेळ लागला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने तर आजार ठरणारा लठ्ठपणा आणि अद्याप आजार न ठरणारा लठ्ठपणा असे दोन भाग केले. त्या बाईंनी हा वाद सोडवून मग अर्ज भरावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. शिवाय वजनासाठी औषध घेतो हे चारचौघांत सांगायला आपल्याकडे संकोच वाटतो. नवऱ्यालाही न सांगता इंजेक्शन घेणाऱ्या बायका आहेत आणि व्यायामाने वजन उतरवले असे मित्रांना सांगणारे पुरुषही आहेत. अर्ज भरणारा एजंट गल्लीतलाच असेल तर ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता आणखी कमी होते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? विमा हा परम सद्भावाचा करार आहे आणि महत्त्वाची प्रत्येक गोष्ट ग्राहकाने आपणहून उघड करावी, हे तत्त्व आपण इंग्रजांकडून घेतले. त्याचे मूळ १७६६ च्या एका इंग्रजी खटल्यात सांगितले जाते. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या गव्हर्नराने, किल्ला शत्रूच्या हाती गेला तर भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला होता. फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि किल्ल्याची दुर्बलता लपवली असे म्हणत विमा देणाऱ्याने पैसे नाकारले. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सद्भावाचे तत्त्व मांडले खरे, पण निकाल गव्हर्नराच्या बाजूने दिला, कारण जी गोष्ट विमा देणाऱ्याला माहीत होती किंवा त्याने माहीत करून घ्यायला हवी होती, तिच्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. कंपन्या या खटल्यातील तत्त्व आवर्जून सांगतात, निकाल मात्र क्वचितच सांगतात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंचे निकाल दिले आहेत. २००९ मध्ये, दीर्घकाळचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार असताना अर्जात प्रकृती उत्तम असल्याचे लिहिणाऱ्या एका ग्राहकाच्या प्रकरणात न्यायालयाने विमा कंपनीची बाजू उचलून धरली, आणि ते योग्यच होते. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो ६ डिसेंबर २०२१ चा निकाल. अमेरिकेत नात्यातील लग्नाला निघालेल्या एका गृहस्थांनी परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेतला होता. मधुमेह असल्याचे त्यांनी सांगितले होते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना अशक्तपणा आणि घाम येऊ लागला, रुग्णालयात दाखल करावे लागले आणि स्टेंट बसवावे लागले. कंपनीने दावा फेटाळला. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील औषध घेत असल्याचे त्यांनी सांगितले नव्हते, हा त्यामागचा एक मुद्दा होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार फेटाळली, पण न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने ती मान्य केली. प्रकृतीची माहिती हाती आल्यावर जोखीम तोलणे हे कंपनीचे काम आहे, आणि एकदा पॉलिसी दिल्यानंतर तिने आधीच्या त्याच अवस्थेकडे बोट दाखवून अंग काढून घेऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. स्टॅटिनच्या जागी सेमाग्लुटाइड ठेवून पाहा, म्हणजे येत्या काही वर्षांत कोणत्या प्रकारचे तंटे उभे राहणार आहेत याची कल्पना येईल.

असे असले तरी, त्या गृहस्थांचे प्रकृतिमान कंपनीच्या डॉक्टरांनी तपासले होते आणि मधुमेहाची नोंद अर्जात होती, हे विसरून चालणार नाही. ओटीपीवर पाच मिनिटांत घेतलेल्या पॉलिसीत यांपैकी काहीच नसते. तेव्हा या निकालाच्या भरवशावर माहिती लपवणे मूर्खपणाचे ठरेल. शिवाय तो दिलासा मिळायला २००९ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे एक तप लागले.

ज्या इंग्लंडकडून आपण हे तत्त्व घेतले, त्या देशाने सामान्य ग्राहकांपुरते ते केव्हाच बदलले आहे. तिथे २०१२ साली केलेला आणि एप्रिल २०१३ पासून अमलात आलेला कायदा सांगतो की ग्राहकाने आपणहून सर्व काही उघड करण्याची गरज नाही. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे चुकीची जाऊ नयेत एवढी वाजवी काळजी त्याने घ्यावी. काय महत्त्वाचे आहे हे ठरवून विचारणे ही कंपनीची जबाबदारी. त्यातही चूक जाणूनबुजून केली की निष्काळजीपणाने झाली, यात तो कायदा भेद करतो. निष्काळजीपणा असेल आणि खरे उत्तर मिळाले असते तर कंपनीने फक्त जास्त प्रीमियम आकारला असता, असे दिसत असेल, तर दावा पूर्ण बुडत नाही. भरलेल्या आणि भरायला हव्या असलेल्या प्रीमियमच्या प्रमाणात तो दिला जातो. आपल्याकडे असा प्रमाणशीर तोडगा कायद्यात आला पाहिजे. एखाद्या माणसाने हजार रुपये कमी प्रीमियम भरला असेल, तर त्याची शिक्षा साठ लाखांचे बिल त्याच्या मुलाच्या माथी मारणे ही असू शकत नाही.

कंपन्या यावर म्हणतील की रोज नवी औषधे निघतात, प्रत्येकाचे नाव घेऊन प्रश्न कसा विचारणार? प्रत्येकाचे नाव घेण्याची गरजच नाही. ‘गेल्या बारा महिन्यांत डॉक्टरांनी दिलेले किंवा स्वतः विकत घेतलेले कोणतेही औषध तुम्ही नियमित घेता काय? वजन कमी करण्याचे इंजेक्शन किंवा गोळी घेता काय? ते केव्हा सुरू झाले, गेल्या तीन महिन्यांत त्याची मात्रा बदलली काय, आणि त्यामुळे रुग्णालयात जावे लागले काय?’ एवढ्या पाच प्रश्नांत काम भागते. ते इंग्रजीत विचारून उपयोग नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २००२ सालीच आपल्या विनियमांत म्हटले होते की विम्याचे अर्ज व कागदपत्रे परिस्थितीनुसार राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करून देता येतील. जानेवारी २०२४ पासून आरोग्यविम्याच्या ग्राहकाला पॉलिसीचे सार सांगणारे ग्राहक माहितीपत्रक, त्याने मागितले तर त्याच्या भाषेत, मिळाले पाहिजे असाही दंडक आहे. परंतु माहितीपत्रक ही पॉलिसी घेतल्यानंतर वाचायची गोष्ट आहे, आणि मुळात चूक होते ती त्याआधी, अर्जाच्या पडद्यावर. हिंगोलीतील निवृत्त शिक्षकाला ‘प्री-एक्झिस्टिंग डिसीज’ असा शब्द दाखवून त्यावर ‘नो’ अशी खूण घेणे, ही सद्भावाची देवाणघेवाण नव्हे.

कंपन्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तिथे मला त्यांची बाजू पटते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. वेगोवी ३० किंवा त्याहून अधिक बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) असलेल्यांसाठी, किंवा २७ वा त्याहून अधिक बीएमआय असून वजनाशी निगडित एखादा विकार असलेल्यांसाठी आहे. प्रत्यक्षात ओळखीच्या मेडिकलमधून, जिममधल्या प्रशिक्षकाच्या सल्ल्याने, किंवा लग्नसराईआधी पाच-सात किलो उतरवावेत म्हणून औषध घेणारे लोक आहेत. त्यांच्याकडे ना चिठ्ठी असते, ना रक्ततपासणी, ना मात्रेची नोंद. अशा माणसाची जोखीम कंपनीने कशी मोजावी? चिठ्ठीशिवाय घेतलेल्या औषधाच्या दुष्परिणामांचा खर्च कंपनीने नाकारला, तर तिला दोष देता येणार नाही. मात्र तो नियमही पॉलिसीत ठळक लिहिलेला असावा, आणि त्याचा वापर औषधाशी संबंध नसलेल्या दाव्यासाठी होऊ नये. बर्फावर घसरून मनगट मोडले, किंवा सामान हरवले, तर इंजेक्शनाची चौकशी कशासाठी?

हा कार्यकारणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दावा आल्यावर रुग्णालयाच्या कागदांत ‘सेमाग्लुटाइड’ हा शब्द शोधायचा, अर्जात तो नाही हे दाखवायचे आणि संपूर्ण पॉलिसी रद्द करायची, ही पद्धत सोपी आहे म्हणून ती रूढ होण्याचा धोका आहे. पित्ताशयात खडे झाले तर औषधाचा संबंध असू शकतो. पण खडे औषध न घेणाऱ्यांनाही होतात, मध्यमवयीन स्त्रियांना तर विशेष होतात. तेव्हा संबंध सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर असले पाहिजे. विमा नियामकाने एका परिपत्रकाने हे सर्व प्रवासी पॉलिसींना लागू करावे: विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खोटे होते आणि त्या खोट्या उत्तराचा उद्भवलेल्या आजाराशी संबंध होता, या दोन्ही गोष्टी दाखवल्याशिवाय दावा फेटाळता येणार नाही.

नियम बदलेपर्यंत प्रवाशाने काय करावे, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे नुसते दिल्लीच्या सरकारकडे आणि हैदराबादच्या विमा नियामकाकडे तोंड करून केलेले गाऱ्हाणे होईल. काही जण प्रवासाआधी महिनाभर औषध बंद करतात आणि मग ‘घेत नाही’ असे खुशाल लिहितात. ही युक्ती दुहेरी फसवी आहे. आरोग्यविम्याच्या नियमांत आधीपासूनच्या आजाराची जी व्याख्या आहे, ती पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांतील निदान, सल्ला आणि उपचार पाहते. महिनाभराच्या खंडाने ते पुसले जात नाहीत. शिवाय सेमाग्लुटाइड शरीरातून पूर्ण जायला सुमारे पाच आठवडे लागतात, आणि खंड पडल्यावर पुन्हा सुरू करताना कमी मात्रेपासून चढावे लागू शकते, म्हणजे परदेशात पोहोचल्यावर मळमळीचे आठवडे नव्याने सुरू होणार. विम्यासाठी औषध थांबवणे हा वैद्यकीय निर्णय नव्हे आणि तो ट्रॅव्हल एजंटच्या सल्ल्याने तर मुळीच घेऊ नये.

अर्जात रकाना नसला तरी कंपनीला ई-मेल करून औषधाचे नाव, मात्रा, कारण आणि सुरू केल्याची तारीख कळवावी व लेखी उत्तर मागावे. फोनवरच्या ‘काही हरकत नाही सर’ या आश्वासनाला दाव्याच्या वेळी किंमत नसते. डॉक्टरांकडून इंग्रजीत छापील चिठ्ठी घ्यावी, आणि तीत औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडची नवी देशी नावे परदेशातील डॉक्टरांना कळणार नाहीत. हे विम्याइतकेच जिवासाठीही आवश्यक आहे. पोट उशिरा रिकामे होत असल्यामुळे भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये याबाबत खास सूचना काढल्या होत्या. ज्याने विम्यासाठी औषध लपवले, तो रुग्णालयातही ते लपवण्याची शक्यता असते, कारण रुग्णालयाचा कागद शेवटी विमा कंपनीच्याच टेबलावर जातो. माहिती देणाऱ्याला शिक्षा करणारी पद्धत माणसाला अशा ठिकाणी नेऊन सोडते.

औषध नेण्याचा प्रश्न त्या मानाने साधा आहे. ते फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. मौंजारो ३० अंशांपर्यंत २१ दिवस बाहेर टिकते. मे महिन्यात परभणी किंवा नांदेडहून निघणाऱ्याला मुंबईच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत चाळीसच्या वरचा पारा सोसावा लागतो, तेव्हा थंड पिशवी हवीच. इंजेक्शन गोठले की निकामी होते, म्हणून ते बर्फाला चिकटवू नये आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतही टाकू नये.

आणि दावा फेटाळला गेला तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मराठवाड्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे, परंतु तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. लोकपालांची मर्यादा ५० लाख रुपयांची आहे. अमेरिकेतील बिल त्याच्या पुढे गेले, तर ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो, आणि तो समजला जातो तितका दूरचा नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या मोबदल्यावर ठरते. प्रवासविम्याचा प्रीमियम काही हजारांचा असतो, त्यामुळे बिल कोटीचे असले तरी प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालू शकते. मुदत दोन वर्षांची आहे. या औषधांवरून असा एखादा तंटा लातूरच्या किंवा बीडच्या आयोगापुढे उभा राहील, तेव्हा तक्रारदाराच्या वकिलाने वैद्यकीय वादात शिरण्याआधी कंपनीकडून एकच कागद मागावा: अर्ज भरताना पडद्यावर कोणते प्रश्न होते, कोणत्या भाषेत होते आणि त्यांवर खूण कोणी केली याची नोंद.